शिकारीनंतर कुणाला काय द्यायचं

बहारीनहून परत आल्यावर कॉलेजात ज्याने त्याने एकच विचारलं, "काय काय पाहिलंस?" उंच इमारती पाहिल्या, सौदीकडे जाणारा समुद्रावरचा पूल लांबून पाहिला, सोन्याच्या दुकानांसमोरून चालत गेले. एवढं सांगून होईपर्यंत ऐकणारे उठायला लागायचे, आणि मला खरं जे सांगायचं असायचं ते राहून जायचं. म्हणून हे लिहायला बसले आहे. नीट जमेल की नाही माहीत नाही. आमच्या घरातली माणसं बाहेर गेली ती कामाला गेली, आणि कामाला गेलेला माणूस परत येऊन काय पाहिलं ते सांगत बसत नाही. फिरायला म्हणून गेलेली मी पहिलीच.

हमद टाउन

माझे धाकटे काका, बाळकृष्ण, मी रांगत होते तेव्हापासून बहारीनमध्ये आहेत. तुबली भागात गॅरेजांची रांगच्या रांग आहे, त्यातल्या एका गॅरेजात ते फोरमन आहेत. "बारावी झालीस की विमानात बसवतो," असं त्यांनी मला कबूल केलं होतं. बारावी होऊन वर्ष उलटलं, पण बसवलं. पहिल्या सत्राची परीक्षा संपली आणि मी रत्नागिरीची थंडी सोडून तिथल्या थंडीत गेले. वाळवंटात थंडी असते हे मी भूगोलात वाचलं होतं, तरी स्वेटर नेला नव्हता. पहिले दोन दिवस काकीची शाल पांघरून काढले.

काका-काकी हमद टाउनमध्ये राहतात. तिथं सगळे रस्ते गोल चौकांना येऊन मिळतात. पत्ता सांगताना गल्लीचं नाव कुणी सांगत नाही, कितवा चौक ते सांगतात. चौकाला तिथं 'दुवार' म्हणतात. पहिल्या संध्याकाळी मी दूध आणायला गेले आणि चुकीच्या दुवारापाशी जाऊन उभी राहिले. सगळीकडे तीच पिवळट घरं, तेच दुकान, दुकानात तोच केरळी माणूस. निदान मला तरी तो तोच वाटला. त्याने हिंदीत विचारलं, "बालू की भतीजी?" आणि फोन करून काकांना बोलावून घेतलं. काका हसत आले. म्हणाले, "पहिल्या वर्षी मी पण हरवायचो. मग दुकानांच्या पाट्या बघणं सोडलं, दारातल्या गाड्या बघायला लागलो."

काकांना तिथं सगळे 'बालू' म्हणतात. हिंदीत बालू म्हणजे वाळू, त्यामुळे वाळवंटात वाळूची काय कमी, हा विनोद त्यांनी इतक्या वेळा ऐकलाय की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच ते हसून घेतात.

गुरुवारी संध्याकाळी काकी साफी नावाचे मासे तळत होती. चवीला बऱ्यापैकी आपल्याकडच्या छोट्या माशांसारखे, काटे मात्र जास्त. तळता तळता ती म्हणाली, "उद्या तू पण जातंस ना यांच्याबरोबर शिकारीला?"

"कसली शिकार?"

"ससाण्याची. म्हणजे ससाणा करतो, आणि हे त्याच्यामागं गाडी पळवतात."

मग तिने सगळं सांगितलं. काका ज्यांच्या गाड्या दुरुस्त करतात त्यांतले एक म्हातारे गृहस्थ आहेत, बू खालिद. म्हणजे खालिदचे वडील. तिथं मोठ्या माणसाला मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. त्यांना ससाणे पाळायचा नाद. हिवाळ्यात साखीरच्या वाळवंटात त्यांचा तंबू लागतो. रानातल्या पाखरांची शिकार आता बंद आहे, त्यामुळे पाळलेलं कबूतर सोडून ससाण्याला उडवतात. ते बघायला पाहुणे येतात. त्यांची बुकिंग खालिद घेतो, गाडीचं आणि तंबूचं भाडंही तोच घेतो. पाहुण्यांना आणायचं, फिरवायचं, ससाणा लांब गेला तर शोधून काढायचा, हे काम शुक्रवारच्या सुट्टीत काका करतात. त्यांना पेट्रोल आणि जेवण मिळतं. "बाकी गाइडला पाहुणेच देतात," असं खालिदने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

"मग देत नाहीत?" मी विचारलं.

"देतात. पण हा माणूस घेत नाय! दोन हिवाळे झाले. हात मागं घेतो आणि 'नको नको, मफी मुश्किल' म्हणतो." मफी मुश्किल म्हणजे काही अडचण नाही. "सहा दिवस गाड्यांच्या खाली, सातव्या दिवशी वाळूत. पाठ दुखते ती रात्री मी चोळतंय. आता सांगितलंय मी. उद्या रिकाम्या हातानं आले की शुक्रवार बंद. घरात बसायचं आणि पाठ शेकायची."

काका दारात बसून बूट पुसत होते. "बंद तर बंद," ते म्हणाले. पण ते तोच बूट पुन्हा पुसायला लागले, आधी पुसलेला. मला वाटलं, हा माणूस हे मनापासून बोलत नाहीये.

काका आत गेल्यावर काकीने आवाज खाली आणला. "उद्याचे पाहुणे मराठीच हायत. पुण्याचे. तू कॉलेजात जातंस, चार माणसांत बोलायची सवय हाय तुला. तू सांग त्यांना, शिकारीनंतर गाइडला द्यायचं असतं म्हणून. आणि यांना पण घ्यायला लाव. मी बोलले तर भांडण होतं गो."

चार माणसांत बोलायची मला अजिबात सवय नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात वर होत नाही. पण आमच्या घरात कॉलेज म्हणजे काय ते मी सोडून कुणीच आतून पाहिलेलं नाही. त्यांना वाटतं तिथं बोलायलाच शिकवतात. मी "बरं" म्हटलं.

झोपण्यापूर्वी मी फोनवर शोधलं. शिकारीला नेणाऱ्या गाइडला काय आणि कसं द्यावं यावर परदेशी लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. शेवटच्या दिवशी द्यावं. हातात द्यावं, नाव घेऊन आभार मानावेत. मालकाच्या हाती देऊ नये, मधल्या मधे राहतं. स्वयंपाक्याला वेगळं, माग काढणाऱ्याला वेगळं, आफ्रिकेत तर मारलेलं जनावर सोलणाऱ्याला सुद्धा वेगळं. शिकार मिळाली नाही म्हणून हात आखडू नये. हे शेवटचं मला फार आवडलं. बहारीनबद्दल मात्र कुठंच काही नव्हतं, आणि मराठीत तर एक ओळ नव्हती.

आणि मराठीत सांगायचं तर कोणत्या शब्दात? टिप म्हटलं की डोळ्यांसमोर हॉटेलातली बडीशेपेची बशी येते. दिवाळीला देतात ती पोस्त. लग्नात बँडवाला मागतो ती खुशाली. बक्षिसी म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली असं काहीतरी होतं. मी मनात वाक्य जुळवत राहिले आणि प्रत्येक वाक्य शेवटच्या शब्दापाशी अडलं.

जुफैर ते साखीर

सकाळी आम्ही पाहुण्यांना घ्यायला जुफैरला गेलो. तिथं नुसत्या उंच इमारती, खाली हॉटेलं आणि टॅक्सी. साठे नावाचे गृहस्थ बँकेत आहेत. ते आणि त्यांच्या पत्नी, दोघेही खाली येऊन थांबले होते. मी त्यांना 'मावशी' म्हणाले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई म्हण गं, एवढी नाही झाले मी अजून." मला बरं वाटलं. मग गाडीत साठ्यांनी काकांना गाव विचारलं, आणि मला वाटलेलं बरं तिथंच संपलं.

"संगमेश्वरच्या अलीकडं," काका म्हणाले.

"काय सांगता! माझं आजोळ देवरुख! अहो, म्हणजे तुम्ही आपलेच की." साठे पुढे सरकून बसले. "बाळूकाका म्हणतो मी तुम्हाला. चालेल ना?"

"न चालायला काय?" काका खुलले.

पुढचा अर्धा तास देवरुखच्या बाजारात गेला. कुठलं दुकान होतं, कुठलं बंद पडलं, फणसाची भाजी कुणाकडची. मला मात्र काकीचं काम आठवलं. आपल्या माणसाला कोण टिप देतं? गावचा निघाला की तो काका होतो. काकाच्या हातात पैसे ठेवले तर त्याला राग येईल, असं प्रत्येकाला वाटतं. मला स्वतःलाही तसंच वाटलं असतं.

साखीरकडे जाताना वाळवंट येतं ते माझ्या कल्पनेसारखं नव्हतं. सोनेरी टेकड्या वगैरे काही नाही. खडकाळ, मातकट सपाटी, मधूनमधून खुरटी झुडपं, आडवे गेलेले तेलाचे पाइप, आणि मान वर-खाली करत एकटेच काम करणारे तेलाचे पंप. हिवाळ्यात हजारो माणसं इथं तंबू ठोकून राहायला येतात. आपल्याकडे सुट्टीत माणसं गावी जातात, तसे हे लोक घरापासून तासाभराच्या आतल्या वाळवंटात येतात आणि शेकोटी करून बसतात. गाडी डांबरी रस्ता सोडून आत वळली तेव्हा काकांनी उतरून चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. टायर पसरट झाला की वाळूत रुतत नाही.

साठे पती-पत्नी फोटो काढत होते. मी काकांजवळ उभी राहिले आणि विचारलं, "काका, तुम्ही घेत का नाही?"

कशाबद्दल ते त्यांना विचारावं लागलं नाही. हवा सूं सूं करत जात होती. ते म्हणाले, "तुझा पणजा, म्हणजे माझा आजा, हाकारी होता. ठाऊक हाय तुला?"

मला ठाऊक नव्हतं. हाकारी म्हणजे रान उठवणारा, ओरडत, डबे वाजवत डुकराला बंदुकीकडे हाकणारा. तेव्हा ते सगळं चालायचं, आता बंद आहे.

"गावची शिकार झाली की वाटे पडायचे. बंदुकीचा वाटा, हाक्याचा वाटा, कुत्र्याचा पण वाटा. आजा मांडी घालून ओळीत बसायचा आणि पानावर वाटा घ्यायचा. आणि शहरातनं कोण साहेब शिकारीला आला की जाताना बक्षिसी द्यायचा. तेव्हा आजा उभा राहायचा. असा." काकांनी उठून, पाठ वाकवून, दोन्ही हात पुढे करून दाखवलं. मग हात पँटला पुसले. "मांस एकच. माणूस पण एकच. पण मला तो उभा राह्यलेला आवडत नसे."

"मग शुक्रवार बंद झाला तर?"

ते पुढच्या चाकाकडे वळले. "इथं आलं की मला सुचतं, बाय. बाकी दिवस गाड्यांच्या पोटाकडं बघत असतो. इथं वर बघायला मिळतं."

बू खालिदांचा तंबू

बू खालिद उंच आणि कृश आहेत, एका गुडघ्यात अधू. मला बघून त्यांनी हात छातीवर ठेवला आणि आखाती हिंदीत विचारलं, "बालू का बेटी?"

"भाई का बेटी," काका म्हणाले.

"एकच बात."

न्याहारीला ऑम्लेट आलं. मी ते उचललं तर खाली गोड शेवया निघाल्या, केशर आणि वेलची घातलेल्या. बलालीत म्हणतात त्याला. आमच्या घरी शेवयांवर अंडं ठेवलं असतं तर आईने ताट उचलून नेलं असतं. मी आधी दोन्ही वेगवेगळं खाल्लं, मग बू खालिद बघत आहेत हे पाहून एकत्र खाल्लं. आश्चर्य म्हणजे चांगलं लागलं.

मग त्यांनी ससाणा बाहेर आणला. ससाणा नव्हे, मादी. मादीच मोठी असते आणि शिकारीला तीच घेतात. तिचं नाव रीम. डोळ्यांवर चामड्याची टोपी, पायांत दोऱ्या, शेपटीला बारीकसं यंत्र. टोपी काढल्यावर तिने आमच्या प्रत्येकाकडे एकदा पाहिलं. साठेताई हळूच म्हणाल्या, "आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका अशाच बघायच्या."

"पगार कोण देतो ते बघतेय," साठे म्हणाले. काका मोठ्याने हसले.

काकांनी लांब जाऊन कबूतर सोडलं. बू खालिदांनी हात वर केला आणि रीम गेली. मला वाटलं होतं ती झडप घालेल आणि संपेल. पण कबूतर वळलं, वर चढलं, आणि दोघं एका उंचवट्यापलीकडे दिसेनाशी झाली. बू खालिदांचा चेहरा बदलला. "यल्ला, बालू!"

आम्ही सगळे गाडीत. काका गाडी कशी चालवत होते ते मी सांगू शकत नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. साठे "बाळूकाका, बाळूकाका" एवढंच म्हणत होते. उंचवट्यावर गाडी थांबली. समोर नुसती सपाटी. बू खालिद खिडकीतून आकाश शोधत होते. मागच्या हिवाळ्यात त्यांची एक मादी अशीच गेली ती परत आली नाही, हे काकांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा बू खालिद फक्त ओठ हलवत होते.

काकांनी मागून एक अँटेना काढली, पूर्वी घरांवर टीव्हीची असायची तशी, आणि ती हातात धरून चालू लागले. रीमच्या शेपटीतलं यंत्र टिकटिक पाठवतं, ती कुठल्या बाजूला मोठी होते ते ऐकत जायचं. काका चालत लहान होत गेले. मग थांबले, वळले, पाइपांच्या रांगेपलीकडे उतरले. बराच वेळ काहीच नाही. साठेताईंनी माझा हात धरला होता, किंवा मी त्यांचा.

मग पाइपांवरून एक हात वर आला आणि हलायला लागला.

आम्ही पोहोचलो तेव्हा रीम एका झुडपाखाली कबुतरावर पंख पसरून बसली होती आणि काका तिच्यापासून लांब, पाठमोरे बसले होते. जवळ गेलं की तिला वाटतं आपलं हिसकावतील, आणि ती उडून जाते. बू खालिद अधू गुडघा सांभाळत वाळूत बसले, सरकत सरकत जवळ गेले. मला वाटलं ते तिच्याकडून शिकार काढून घेतील. त्यांनी घाई केली नाही. तिला खाऊ दिलं. साठ्यांना आणखी जवळून फोटो हवा होता, ते पुढे सरकले, तेव्हा बू खालिदांनी न बघताच हात आडवा धरला आणि म्हणाले, "हादा हग अत्तेर."

मला शब्द नीट ऐकू आला. हग. हक्क. हा पाखराचा हक्क आहे. हक्क हा शब्द मूळ अरबीच, हे आम्हाला मराठीच्या तासाला सांगितलं होतं. वाळवंटात बसलेल्या माणसाच्या तोंडून तो जिवंत ऐकला आणि मी तो मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिला. कुणाला विचारून खात्री करावी असं मला सुचलंही नाही.

जेवणानंतर

दुपारी तंबूत मोठ्या परातीत भात आणि कोंबडी. मसाला ओळखीचा, पण तिखट नाही. आत वाळवलेलं काळं लिंबू सापडतं. मी ते चिंच समजून चावलं आणि माझं तोंड बघून साठेताई हसल्या. मला वाटलं, हीच वेळ. साठे बू खालिदांशी बोलत होते, काका रीमच्या पायातली दोरी बांधत होते.

"ताई," मी म्हटलं. पुढचं जुळवलेलं वाक्य निघून गेलं होतं. "ते, काकांना… म्हणजे शिकारीनंतर… बक्षीस असतं."

बक्षिसी म्हणायचं होतं. तोंडातून बक्षीस गेलं.

"अय्या!" साठेताईंचे डोळे मोठे झाले. "काकांना बक्षीस मिळालंय? शिकारीचं? अहो, ऐकलंत का! बाळूकाकांना बक्षीस मिळालंय!"

"काय सांगतेस!" साठे तंबूच्या त्या टोकाकडून उठून आले आणि काकांचा हात हातात घेऊन हलवायला लागले. "बाळूकाका, बोलला नाहीत! अभिनंदन, अभिनंदन! पहिलं का दुसरं?"

काकांच्या दुसऱ्या हातात रीमची दोरी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय बोललीस गो तू?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. वाळू होतीच.

"शिनू?" बू खालिदांनी विचारलं. म्हणजे काय झालं.

"बक्षीस, बक्षीस!" साठे त्यांना आनंदाने सांगत होते. "बालू को बक्षीस!"

"बख्शीश?" बू खालिद म्हणाले. त्यांच्याकडे त्या शब्दाचा एकच अर्थ. त्यांनी साठ्यांकडे पाहिलं, मग काकांकडे, मग माझ्याकडे जरा जास्त वेळ. प्रत्येकाच्या पेल्यात कॉफी ओतली आणि विषय बुडाला. काकांनी "कसलं बक्षीस, पोर काहीतरी बोलते" म्हणून सावरून घेतलं. मी काकीला काय सांगायचं याचाच विचार करत राहिले.

निघायची वेळ झाली. काका तंबूबाहेर गाडीपाशी मांडी घालून बसले होते, सकाळी सोडलेली हवा छोट्या पंपाने परत भरत. साठ्यांनी खिशातून एक पांढरं पाकीट काढलं आणि मला हळूच म्हणाले, "मी नेटवर वाचलं होतं. गाइडला शेवटी द्यायचं, हातात द्यायचं, नाव घेऊन आभार मानायचे."

म्हणजे मी वाचलेलंच पान त्यांनीही वाचलं होतं. माझा श्वास मोकळा झाला. आणि साठे बू खालिदांसमोर जाऊन उभे राहिले, त्यांचं नाव घेतलं, आभार मानले, आणि पाकीट त्यांच्या हातात ठेवलं.

बू खालिदांनी ते उलटसुलट पाहिलं. रागावले नाहीत. "हम गाइड नहीं, भाई. हम घरवाला. मेहमान आया, घरवाला पैसा कैसे लेगा?"

"नाही, पण…" साठे गोंधळले. "यू आर द गाइड ना? काका तर आपले…"

"परिंदा हम उड़ाया. ढूँढा कौन?"

ते लंगडत बाहेर गेले. आम्ही तिघं मागून. काका त्यांना बघून उठायला लागले, पण बू खालिदांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि त्याच खांद्याचा आधार घेऊन, कण्हत, स्वतःही त्यांच्यासमोर वाळूत बसले. पाकीट दोघांच्या मध्ये धरलं.

"नहीं बाबा," काका म्हणाले. हात मागे गेले. "मफी मुश्किल. रहने दो."

"बालू," बू खालिद म्हणाले. "हादा हग बालू."

पंप चालूच होता. काका पाकिटाकडे बघत होते. मला कळलं की आता कुणी बोललं नाही तर ते हात मागेच राहणार.

"काका, ते हक्क म्हणतायत!" माझा आवाज मलाच मोठा वाटला. "बक्षिसी नाही म्हणत. रीमला म्हणाले तसं. हक्क म्हणतायत!"

साठ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "खरंय काका," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आपले म्हणून मी… खरंय. तुमचा हक्क आहे."

काकांनी हात पँटला पुसले. दोन्ही बाजूंनी, सावकाश. मग बसल्या जागी, उजव्या हाताने पाकीट घेतलं आणि खिशात ठेवलं. बू खालिदांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "खलास," ते म्हणाले, आणि आता उठायचं कसं, म्हणून मला हात पुढे करून बोलावलं.

परत

पाहुण्यांना जुफैरला सोडलं. साठेताईंनी मला फोन नंबर दिला आणि पुण्याला येशील तेव्हा ये म्हणाल्या. आम्ही परत हमद टाउनकडे निघालो. जुफैर मागे पडल्यावर काका म्हणाले, "बाय, हग म्हणजे हक्क नव्हे गो."

"म्हणजे?"

"इथं हग म्हणजे 'साठी'. 'चं'. हा चहा हग तू, म्हणजे तुझा चहा. हा स्पॅनर हग गॅरेज. दिवसातनं पन्नास वेळा ऐकतंय मी. कॉलेजातलं नसतं ते."

एवढ्या लोकांसमोर मी ओरडले होते, तेही चूक. "मग तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"न कळायला काय? अठरा वर्षं पाणी पितंय इथलं."

"मग घेतलंत कसं?"

त्यांनी एका दुवाराला पूर्ण वळसा घातला, रस्ता चुकला म्हणून नव्हे, मला वाटतं उगीचच, आणि घराच्या रस्त्याला लागले.

काकी दारातच होती. तिने आधी आमच्या बुटांकडे पाहिलं, मग काकांच्या तोंडाकडे. काकांनी पाकीट काढून तिच्या हातात दिलं. ती ते न उघडताच बघत राहिली.

"घेतलीत? बक्षिसी?"

"बक्षिसी नाय," काका खाली बसून बुटाची दोरी सोडत म्हणाले. "हक्क हाय माझा."

काकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. काकीने पाकीट पदराखाली धरलं, आत वळली, आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "पुढच्या शुक्रवारी भाकऱ्या किती घालू डब्यात? त्या म्हाताऱ्याला पण खायची असेल तर आत्ताच सांगा."